पाचच ठरलं होतं

"लिहून दे," सर म्हणाले. "आकडे घाईत चुकीचे नोंदवले गेले, एवढंच. 'बनवले' हा शब्द मी वापरत नाही. तो समिती वापरेल."

टेबलावर कोरा कागद होता आणि त्यावर त्यांचं पेन. टोपण त्यांनी स्वतःच काढून ठेवलं होतं. मला तेवढाही त्रास नको म्हणून.

"आणि लिहून दिल्यावर?"

"पीएच.डी.ची नोंदणी रद्द होईल. पण बोभाटा होणार नाही. एखाद्या ज्युनियर कॉलेजात मी शब्द टाकीन. बायकांना शिकवणं चांगलं जमतं."

"सर, ते स्फटिक खरे होते. तुम्ही स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेत. विभागात पेढे वाटलेत."

"मग पुन्हा का होत नाहीत?"

मी कागद तसाच ठेवून उठले. "परवा समितीसमोर प्रयोग करून दाखवते," म्हणाले.

"परवा हसं होईल, उज्ज्वला. तुझंही आणि माझंही."

"तुमचं कशाला होईल सर? आकडे तर मी चुकवलेत ना?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मी मोहोळची. वाघमोड्यांच्या घरात पहिली एम.एस्सी. मीच, आणि पीएच.डी. हे काय असतं ते घरी सांगायला मला एक अख्खी दिवाळी लागली होती. डॉ. विश्वास केळशीकरांच्या हाताखाली जागा मिळाली तेव्हा मला वाटलं, जग जिंकलं. हे सर रसायनशास्त्राचे प्राध्यापक तर होतेच, पण गावोगाव त्यांची ओळख वेगळीच होती. रविवारी ते शाळा-कॉलेजांत अंधश्रद्धेवर बोलायला जायचे. भोंदूबाबा नारळातून आग कशी काढतो ते स्टेजवर करून दाखवायचे. शेंडीत आधीच पोटॅशियम परमँगनेट, वरून ग्लिसरीन, थोडा वेळ मंत्र म्हटल्यासारखे ओठ हलवायचे की नारळ भडकलाच. पोरं टाळ्या पिटायची. मग सर हात वर करून म्हणायचे, "टाळ्या नकोत. प्रश्न विचारा." मीही बारावीत असताना मोहोळला त्यांना ऐकलं होतं. म्हणूनच तर त्यांच्याकडे आले.

आम्ही काय करायचो ते सांगते. अवघड नाही. लोखंडाचा एक क्षार घ्यायचा आणि आम्ही बनवलेल्या लांबट रेणूंच्या पट्ट्या घ्यायच्या. पट्टीला ठिकठिकाणी लोखंड पकडायची सोय केलेली असते. दोन्ही एका चंबूत घालून ग्लायकॉल नावाच्या दाट द्रवात तापवायचं आणि बाजूला व्हायचं. मग लोखंड आणि पट्ट्या आपापसात जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात आणि जिथं सगळ्यांना बरं वाटतं तिथं थांबतात. लग्नात पाहुणे कुणी न सांगता आपापल्या माणसांशेजारी जेवायला बसतात, तसंच. पट्टीची लांबी आणि वाक नीट आखला तर कोण कुठं बसणार ते आधीच ठरवता येतं, असा सरांचा दावा होता. "आपण रेणू रचतो," ते म्हणायचे. "निसर्ग आपला गवंडी."

सरांनी संगणकावर सहा कोनांचं कडं रचलं होतं. प्रत्येक कोनावर लोखंडाचा एक अणू, भोवती गुंडाळलेल्या पट्ट्या, मध्ये पोकळी. मोठं देखणं चित्र होतं. त्यांच्या खोलीच्या दारावर लावलेलं होतं. एक सक्त नियमही होता, प्रयोगशाळेत क्लोराइड नको. क्लोराइड लोखंडाला चिकटेल आणि रचना बिघडवेल, असा सरांचा हिशेब. लोखंडाचा क्षारही क्लोराइड नसलेला, महागडा आणायचा. इरफानभाईंना एकदा बाकावर चिवडा खाताना पकडलं तेव्हा सर गरजले होते, "तांबोळी, मीठ आहे त्यात. मीठ म्हणजे काय?"

"सोडियम क्लोराइड, सर."

"मग बाहेर."

इरफान तांबोळी माझ्या पुढचे, प्रबंध लिहायच्या टप्प्यावर आलेले. ते चिवडा घेऊन जिन्यात बसले आणि तेव्हापासून रोज जिन्यातच खायचे.

गवंडी मात्र काही ऐकत नव्हता. वर्षभर माझ्या चंबूत लालसर गाळ यायचा. रेणू कसे जुळलेत ते रेषांत दाखवणारा एनएमआर आलेख काढला की रेषांचं जंगल. मधल्या काळात दुसऱ्या विद्यापीठातले एक प्राध्यापक येऊन गेले, सरांचे जुने स्पर्धक. त्यांनी माझा चंबू हातात धरून उजेडात बघितला आणि म्हणाले, "वा, रंग झकास आलाय हं." त्यानंतर गाळही धड येईना, नुसता चिखल. सर एकदा चिडून म्हणाले, "त्या माणसाची नजरच वाईट." आम्ही हसलो. सर हसले नाहीत, पण आम्ही ते थट्टेतच धरलं.

मग तो शनिवार आला. ग्लायकॉल थोडं आटवायचं होतं म्हणून चंबूचं तोंड उघडं ठेवून मी खानावळीत जेवायला गेले. परत आले तर प्रयोगशाळेत भलताच वास. इरफानभाई दारात नाक वर करून उभे.

"कुणी फोडणी दिली गं?"

"आत कोण आहे?"

"सर. पोहे करतायत वाटतं."

सर खिडक्या उघडत होते. रुमालानं तळहात पुसत म्हणाले, "तुझं ग्लायकॉल जळतंय, उज्ज्वला. चंबू असा उघडा सोडून जातात का?"

हॉटप्लेटवर काळे ठिपके होते. ते मी फडक्यानं पुसून काढले. चंबूच्या तळाशीही एक काळा कण दिसला. जळकं ग्लायकॉल, असं धरून मी पुढचं काम केलं. बराचसा द्रव गाळून स्फटिकांसाठी ठेवला आणि तळातलं उरलंसुरलं न गाळता एका बाटलीत भरून फडताळात ठेवलं. उरलेलं फेकायचं नाही, ही सवय मला सरांनीच लावली होती.

त्या द्रवातून लाल सुया आल्या. केसाएवढ्या बारीक, पण कडा अशा की बघत राहावं. मी जिन्यात जाऊन रडले. इरफानभाईंनी चिवडा पुढे केला.

क्ष-किरणांनी मोजल्यावर चित्र आलं. कडं होतं. पण कोन पाच.

मी घाबरत सरांकडे गेले. "सर, सहा नाही आले. पाच आलेत."

सरांनी चित्र उजेडात धरून बघितलं. मग म्हणाले, "पाचच ठरलं होतं."

"सर, दारावर सहाचं..."

"ते जुनं चित्र आहे."

दुसऱ्या दिवशी दारावर नवं चित्र होतं. लेख छापून आला त्याच्या पहिल्याच वाक्यात होतं, 'आम्ही पूर्वनियोजित पद्धतीने पाच कोनांचे कडे रचले.' माझं नावही होतं, सरांच्या नावानंतर. कड्याच्या मधोमध पोकळीत एक ठिपका दिसत होता. मोजणाऱ्यांनी विचारलं, हे काय धरायचं? सर म्हणाले, पाणी लिहा. मग पाणी लिहिलं.

पुढचं सगळं तुम्ही ओळखलं असेल. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं आमची कृती जशीच्या तशी केली, त्यांना चिखल मिळाला. त्यांनी विचारलं. मी पुन्हा केली, मलाही चिखल मिळाला. पुन्हा केली, पुन्हा चिखल. त्यांनी मासिकाकडे तक्रार केली, मासिकानं विद्यापीठाकडे, विद्यापीठानं समिती नेमली. आणि ज्या लेखात 'आम्ही' रचलं होतं, त्याच लेखातले आकडे एकाएकी 'तिने' काढलेले झाले. सरांनी समितीला हेच सांगितलं होतं. पट्टी मीच बनवली, चंबू मीच तापवला, स्फटिक मीच उचलले. सरांचा हात कशालाच लागला नव्हता म्हणे.

कागदाचा तो प्रसंग झाल्यावर मी सरांच्या खोलीतून तडक इरफानभाईंकडे गेले.

"परवा काय दाखवणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग बस. आधी चहा पी. आणि ते चित्र काढ."

संगणकावर कडं उघडलं. इरफानभाईंनी मधल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे कोण?"

"पाणी."

"पाणी एवढं जाड असतं? हे पाणी तालमीत जातं काय?"

मी पाहिलं. खरंच, तो ठिपका पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड होता. सर म्हणाले पाणी, म्हणून मी पाणीच पाहिलं होतं, आकडा पाहिलाच नव्हता. ठिपक्याच्या जागी आम्ही एकेक अणू बसवून पाहायला लागलो. ऑक्सिजन हलका पडायचा. लोखंड जड. क्लोराइड बसवलं आणि सगळे आकडे गप्प बसले, वर्गात बाई आल्यावर पोरं बसतात तसे.

"क्लोराइड," इरफानभाई म्हणाले. "ज्याच्यापायी मी जिन्यात बसून खातो, ते."

आणि मग सगळं उलटं दिसायला लागलं. क्लोराइड रचना बिघडवत नव्हतं. क्लोराइडच रचना करत होतं. ते मध्ये बसलं म्हणून पाच जण त्याच्याभोवती गोळा झाले. ते नसलं की सगळे सैरावैरा. पट्टीची लांबी, वाक, संगणक, पूर्वनियोजन, यातल्या कशानंच काही केलं नव्हतं. केलं होतं चिमूटभर मिठानं.

"पण मीठ आलं कुठून? आपल्या प्रयोगशाळेत मीठ?"

इरफानभाईंनी कप खाली ठेवला. "उजू, त्या दिवशी वास कसला होता?"

"मोहरीचा."

"मोहरी कशाबरोबर असते?"

"फोडणीत जिऱ्याबरोबर."

"आणि फोडणी नसेल तेव्हा?"

मी मोहोळची आहे. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. मूठभर मीठ-मोहऱ्या घ्यायच्या, ज्याला नजर लागली त्याच्यावरून ओवाळायच्या, पुटपुटायचं आणि विस्तवात टाकायच्या. तडतडल्या म्हणजे नजर गेली. माझी आई म्हशीची पण काढायची. त्या शनिवारी अमावास्या होती, हे इरफानभाईंनी दिनदर्शिका उलटून दाखवलं. विस्तवाच्या जागी हॉटप्लेट. आणि मूठ ज्याच्यावरून फिरली त्या चंबूचं तोंड उघडं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांच्या घरी गेले. बैठकीच्या खोलीत भाषणांची सन्मानचिन्हं, शाली, नारळ. बक्षीस मिळालेले नारळ, पेटवायचे नव्हेत.

"सर, त्या शनिवारी तुम्ही माझ्या चंबूची दृष्ट काढलीत."

ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "तुझी झोप होत नाहीये का?"

"कड्याच्या मध्ये क्लोराइड आहे. आकडे बघा. मीठ पडल्याशिवाय ते येऊच शकत नाही. मोहरीचा वास इरफानभाईंनीही घेतलाय."

"तांबोळी साक्ष देणार? मीठ-मोहऱ्यांबद्दल?" सर हसले. "उज्ज्वला, मी तीस वर्षं महाराष्ट्रभर बोलतोय. उद्या समितीसमोर तू हे सांगशील तर काय होईल माहितीये? चोर होतीसच, वर वेडी ठरशील. पुरावा आहे?"

नव्हता. वासाचा पुरावा नसतो.

"चुकीचं तर नव्हतं ना सर?" मी म्हणाले. "नुसतं कबूल करा. मीठ पडलं, त्यातून नवीन गोष्ट कळली. तुमच्या सहा कोनांपेक्षा मोठी गोष्ट आहे ही. माझी नोंदणी वाचेल."

"आणि माझं काय वाचेल?" ते उठले. दार उघडून धरलं. "कागद अजून टेबलावर आहे."

पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं की या माणसाला मी खोटारडी ठरले तरी चालणार आहे, आपण भाबडे ठरलेले चालणार नाही. प्रश्न विचारा म्हणणाऱ्यांची ही जात मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिली. पुढे भरपूर पाहिली.

समितीच्या अध्यक्ष बाहेरच्या एका संस्थेतल्या होत्या, डॉ. नलिनी सबनीस. बारीक चणीच्या, सुती साडी, बोलणं तोडून. बरोबर आमचे विभागप्रमुख, जे प्रत्येक वाक्याला मान हलवायचे, मग वाक्य कुणाचंही असो. सर कोपऱ्यात बसले होते, दुःखी चेहरा करून. सबनीस बाईंनी मूळ प्रयोगातलं काय शिल्लक आहे ते मागितलं. मी फडताळातली बाटली त्यांना दिली. मग सकाळी त्यांच्यादेखत दोन चंबू लावले. एकच क्षार, एकच पट्टी, एकच ग्लायकॉल. पहिला तुलनेसाठी जसाच्या तसा, त्याला कंट्रोल म्हणतात. दुसऱ्यात, खानावळीतून कागदात बांधून आणलेलं मीठ, एक चिमूट.

"हे काय?" सबनीस बाई म्हणाल्या.

"मीठ, मॅडम."

सरांनी मान खाली घातली. विभागप्रमुखांनी हलवली.

जेवणानंतर दोन्ही चंबूंचे एनएमआर काढले. पहिल्यात तेच जंगल. दुसऱ्यात मोजक्या रेषा, वहीत पट्टीनं आखल्यासारख्या. सबनीस बाईंनी दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात बघितले.

"म्हणजे स्फटिक खरे होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"पण तुमच्या कृतीत मीठ नाही."

"लिहिलेलं नाही. चंबूत होतं."

"कुणी टाकलं?"

इतके महिने गिळलेलं सगळं त्या क्षणी वर आलं. "सरांनी," मी म्हणाले. "मीठ सरांनी टाकलं. शनिवारी दुपारी, मी जेवायला गेले होते तेव्हा. विचारा त्यांना का टाकलं ते."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला तो चेहरा उतरताना बघायचा होता. वर्षभरात दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

सर हळूहळू उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मीठ मीच टाकलं."

"माझ्या मनात ही कल्पना बरेच दिवस घोळत होती. मध्ये एखादा ऋण आयन ठेवला तर रचना त्याच्याभोवती उभी राहील. क्लोराइड सगळ्यात सोपं. स्वतःच्या हातानं टाकलं. सहाचे पाच होणार हे तेव्हाच ठरलं होतं."

"लेखात का नाही लिहिलं?" सबनीस बाई.

"पेटंटचा विचार होता. घाई झाली असती."

"विद्यार्थिनीला सांगितलं नाहीत? तिची नोंदणी जात होती."

"मॅडम, मी विद्यार्थ्यांना उत्तरं देत नाही. मी म्हणतो, प्रश्न विचारा." सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. "आज तिनं विचारला. गुरूला याहून काय हवं?"

विभागप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या.

मी तोंड उघडलं. दृष्ट, अमावास्या, मूठ, सगळे शब्द तयार होते. पण आता ते कुणासाठी बोलायचे? माझी सुटका झाली होती. मी केलेला आरोप त्या माणसानं हारासारखा गळ्यात घालून घेतला होता, आणि तो त्याला शोभतही होता. इरफानभाईंनी मागून हळूच म्हटलं, "बस आता. जिंकलीस." जिंकल्यावर इतकी चीड येते हे मला माहीत नव्हतं.

निकाल तिथल्या तिथे लागला. आकडे खरे, विद्यार्थिनी निर्दोष, कृतीत दुरुस्ती छापावी.

बाहेर व्हरांड्यात सर पुढे चालत होते, विभागप्रमुख त्यांच्या पाठीवर थोपटत होते. सबनीस बाईंनी हाक मारली. "केळशीकर, जरा थांबा."

त्यांच्या हातात माझी जुनी बाटली होती. त्यांनी ती तिरकी केली. तळाशी तो काळा कण घरंगळला.

"हे काय आहे?"

सर वाकले. "जळका कण असेल. ग्लायकॉल..."

"मी रोज घरी स्वयंपाक करते," बाई म्हणाल्या. "ही मोहरी आहे. तडतडलेली."

व्हरांड्यात आम्ही चौघंच होतो. विभागप्रमुख मान हलवायचे थांबले.

"मिठाचं तुम्ही छान समजावून सांगितलंत," बाई म्हणाल्या. "मोहरी कशाला टाकलीत?"

सर सरळ झाले. कधी नव्हे ते त्यांना शब्द शोधावा लागत होता. पण सापडला.

"कंट्रोल," ते म्हणाले.

सबनीस बाईंचा चेहरा जराही हलला नाही. त्यांनी बाटली पर्समध्ये टाकली. चेन लावली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या संस्थेतलं क्ष-किरण यंत्र दिवाळीपासून बंद आहे. कंपनीची माणसं येऊन येऊन दमली. तुम्ही एकदा येऊन जा. येताना तुमचा कंट्रोलही आणा."

मला वाटलं, बाईंनी सरांची सालटी काढली. भर व्हरांड्यात, साक्षीदारांसमोर. मी त्या आनंदात वसतिगृहापर्यंत चालत गेले आणि आईला फोन करून सांगितलं की या शहरात एक तरी माणूस शिल्लक आहे.

पुढच्या अमावास्येला सर रजेवर होते. सबनीस बाईंचं यंत्र त्याच आठवड्यात सुरू झालं.

माझ्या प्रबंधातले शेवटचे स्फटिक मी त्याच यंत्रावर मोजले. आकडे इतके स्वच्छ आले की परीक्षकांनी एकही प्रश्न विचारला नाही.